आधी मीटर, मग सोल्डरिंग

गेम सुरू होतो, मारिओ दोन-तीन उड्या मारतो आणि चित्र जागच्या जागी गोठते. किंवा पडद्यावर काळपट आडवे पट्टे संथपणे वर सरकत राहतात. किंवा बटण दाबले तरी काहीच होत नाही, लाल दिवासुद्धा लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून खाली काढणाऱ्याची गाठ यांपैकी एका तक्रारीशी पडतेच. पुढची कृतीही बहुधा ठरलेली असते. यंत्र खोलायचे, संशय येईल तो पार्ट बदलायचा आणि नाही जमले तर ‘किट गेले’ म्हणून भंगारात टाकायचे. माझे ठाम मत आहे की दुर्मीळ यंत्रे वयाने जितकी मरत नाहीत तितकी या घाईने मरतात. बिघाड अनेकदा गेममध्ये नसतोच. तो अ‍ॅडॉप्टरमध्ये असतो, भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो, आणि लोणी देवकरसारख्या गावात तर गल्लीच्या टोकाच्या डीपीपर्यंत जाऊन शोधावा लागतो.

आधी आपल्याकडे कोणती यंत्रे आली ते पाहू, कारण प्रत्येकाची वीज घेण्याची रीत वेगळी आहे. नव्वदच्या दशकात घराघरांत पोहोचलेली ‘मारिओ-काँट्रा’वाली यंत्रे बहुतांश जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ ही नावे त्या पिढीला आजही पाठ आहेत. पण त्याच फॅमिकॉमचे जपानबाहेरचे रूप असलेला निन्टेंडोचा एनईएस हा मूळ गेमसुद्धा परवान्याने भारतात विकला गेला, ‘समुराई’ या नावाने. तो आज फार क्वचित दिसतो. तसाच दुसरा म्हणजे सेगाचा मेगा ड्राइव्ह. आयातीवरचे ८० टक्के शुल्क टाळण्यासाठी सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीशी करार केला आणि भारतात त्याची किंमत ठेवली १८,००० रुपये. त्या काळी एवढ्या पैशांत घरात रंगीत टीव्ही यायचा. त्यामुळे मेगा ड्राइव्ह घेणारे थोडे, आणि जपून ठेवणारे त्याहून थोडे. असे एखादे यंत्र हातात आले तर त्यावर प्रयोग करून चालत नाही, कारण बदली मिळणार नाही.

आता वीज कशी येते ते पाहू. लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातले गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर पोसलेला ऊस. अशा पट्ट्यात वस्तीवरच्या घराची वीज बरेचदा शेतीच्या लाइनवरून आलेली असते. थ्री फेज आली की रानातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब लालसर होतो. थ्री फेज गेली की काही जण कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटर ओढतात, तेव्हाही तीच गत. हे सगळे त्या छोट्या गेमला थेट भोगावे लागते. कसे, ते आकड्यांत पाहू.

जुन्या गेमचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे आत एक लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारे काहीही नसते. भिंतीतून २३० व्होल्ट आले तर तो १० व्होल्ट देईल, भिंतीतले उतरले तर त्याच प्रमाणात हाही उतरेल. १६० व्होल्टला त्याचे होतात जेमतेम ७. आता गेमच्या आत बसलेला ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर घ्या. आलेल्या व्होल्टेजमधून नेमके ५ व्होल्ट काढून चिप्सना देणे हे त्याचे काम. पण ते करायला त्याला बाहेर देतो त्यापेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त आत लागतात. म्हणजे ७ व्होल्ट ही त्याची हद्द. त्याखाली गेले की ५ चे ४.६, ४.३ होतात, चिप्सचा हिशेब चुकतो आणि मारिओ हवेतच अडकतो. यंत्र अगदी धडधाकट असले तरीही. रात्री अकराला तोच गेम बिनतक्रार चालतो आणि घरचे म्हणतात, आपोआप नीट झाला.

म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करायची. इथे एक सवय मोडावी लागेल. आपल्याकडे टेस्टर लावतात, त्यातला निऑन दिवा लागला की ‘लाईट आहे’ म्हणून मोकळे होतात. तो दिवा शंभर व्होल्टच्या आसपासही लागतो. तो वीज आहे एवढे सांगतो, किती आहे ते सांगत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. तो एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजवर ठेवून दिवसातून चार वेगवेगळ्या वेळी सॉकेटवरचे व्होल्टेज कागदावर लिहून काढा: सकाळी, मोटारी चालू असताना, संध्याकाळी दिवेलागणीला आणि रात्री उशिरा. मीटरच्या पिना धरताना बोटे प्लॅस्टिकच्या कडेच्या मागेच राहिली पाहिजेत, पायात चप्पल हवी आणि हात कोरडे हवेत. हे काम मुलांकडे देऊ नका. आकडे २०० च्या वरच फिरत असतील तर वीज निर्दोष, पुढे चला. एखाद्या वेळी आकडा १६०-१७० वर दिसला तर अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

खाली जाण्यापेक्षा वर जाणे जास्त घातक. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन घरांच्या भारांत वाटले जातात. ज्या घरात कमी वस्तू चालू असतील त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. दिवे एकदम पांढरेफटक होतात आणि मग फटाफट उडतात. गावात हा प्रसंग ऐकला नाही असे घर सापडणार नाही. त्या झटक्यात जुना अ‍ॅडॉप्टर जळाला तरी गेम वाचलेला असू शकतो, कारण ७८०५ आतल्या बाजूने ३५ व्होल्टपर्यंत सहन करतो. अ‍ॅडॉप्टरने स्वतःवर घेतले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा गेम टाकून देऊ नका.

इन्व्हर्टरवरची तक्रार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लाईट गेली, इन्व्हर्टर लागला, टीव्ही आणि पंखा चालू आहे, पण गेम मात्र सारखा रीसेट होतो. मीटरने पाहिले तर इन्व्हर्टरचे व्होल्टेज २३० च्या जवळपास. मग दोष गेमला दिला जातो. खरे कारण लहरीच्या आकारात आहे. महावितरणच्या विजेची लहर गोलाईची असते, तिचे २३० व्होल्ट ही परिणामी किंमत आणि तिचे शिखर ३२५ व्होल्टला पोहोचते. अ‍ॅडॉप्टरमधला किंवा गेममधला कपॅसिटर भरतो तो शिखरापर्यंत. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, तिचे शिखर सपाट आणि २३० च्या आसपासच असते. म्हणजे मीटरवर तेवढेच व्होल्ट दिसूनही कपॅसिटरला तीस टक्के कमी मिळतात. वर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो ते वेगळेच. अशा इन्व्हर्टरवर मूळ अ‍ॅडॉप्टर चालवू नये, हे साधे पथ्य.

आता अ‍ॅडॉप्टर. यंत्राला न जोडता मोजला तर ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर १३-१४ व्होल्ट दाखवतो. पुष्कळ जण इथे दचकतात आणि चांगला अ‍ॅडॉप्टर फेकून देतात. भार नसताना हे स्वाभाविकच आहे. त्याची खरी ताकद भार दिल्यावर कळते. गेम जोडण्याआधी २२ ओहमचा १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना लावा, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअरचा भार पडतो, जवळपास गेमइतकाच. मग मोजा. ९-१० व्होल्टवर टिकला तर उत्तम. ५-६ वर कोसळला तर अ‍ॅडॉप्टर गेला, मग रिकामा मोजताना तो काहीही दाखवो. रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो, तेव्हा तो फरशीवर ठेवा आणि अर्ध्या मिनिटात काम उरका. अ‍ॅडॉप्टर शून्य दाखवत असेल तर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून त्याच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. काहीच आकडा येत नसेल तर आतले प्रायमरी गुंडाळे तुटले आहे किंवा त्याच्या टेपखाली लपवलेला थर्मल फ्यूज उडाला आहे. हा फ्यूज तापमान वाढल्यावर एकदाच उडतो. तो वायरने शॉर्ट करून अ‍ॅडॉप्टर ‘चालू’ करून देणारे भेटतात. त्यांना देऊ नका, कारण पुढच्या वेळी जळायला गुंडाळेच उरते आणि ते घरात, गादीजवळ जळते.

बाहेरून आलेल्या यंत्रांची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेल्या गेमचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० चा. आपल्या सॉकेटमध्ये तो काही क्षणांत जळतो. गेम त्यामुळे बहुधा बिघडत नाही. २३० व्होल्टवर चालणारा योग्य अ‍ॅडॉप्टर लावला की तो उठतो. मात्र ज्यांचा पॉवर सप्लाय पोटातच असतो, उदाहरणार्थ सोनीचा पहिला प्लेस्टेशन, त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

आता धोक्याची खूण. घरात वायफायचा किंवा सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो, त्याची गोल पिन जुन्या गेममध्ये अनेकदा चपखल बसते. बसते म्हणून लावू नका. या नव्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत मधला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. जपानी फॅमिकॉम आणि मेगा ड्राइव्हचे पहिले मॉडेल यांना नेमके उलटे लागते, मध्ये ऋण आणि बाहेर धन. मेगा ड्राइव्हच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये सेगाने पुन्हा उलटापालट केली आणि मध्ये धन दिले. नकली यंत्रांत दोन्ही प्रकार सापडतात. उलटे व्होल्टेज गेले आणि वाटेत डायोड नसला तर कपॅसिटर आणि ७८०५ पहिल्याच क्षणी बळी पडतात. यंत्राच्या तळाशी किंवा अ‍ॅडॉप्टरवर वर्तुळ, टिंब आणि अधिक-उण्याची आकृती छापलेली असते. ती वाचल्याशिवाय पिन लावायचीच नाही. आकृती पुसली गेली असेल तर यंत्र खोला आणि पिनेचा कोणता भाग बोर्डावरच्या ग्राउंड पट्टीला जोडलेला आहे ते मीटरच्या बीपने ठरवा.

समुराईचा, म्हणजे एनईएसचा, मामला या सगळ्याहून वेगळा. त्याचा अ‍ॅडॉप्टर डीसी देतच नाही. तो ९ व्होल्ट, १.३ अँपिअर एसी देतो आणि एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज यंत्राच्या पोटात आहे. त्यामुळे समुराईला डीसी लावली तरी चालते, उलटी लावली तरी चालते, ब्रिज ती सरळ करून घेतो. पण समुराईचा एसी अ‍ॅडॉप्टर उचलून फॅमिकॉमच्या नकलेला लावला तर ती नक्कल जाते. दोघांचे प्लग सारखे दिसतात आणि दोघांवर ९ हा आकडा असतो. शेजारी असलेले ‘एसी’ आणि ‘डीसी’ हे शब्द मात्र कुणी वाचत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही यंत्रे आहेत त्यांनी आजच अ‍ॅडॉप्टरना चिठ्ठ्या लावाव्यात.

भिंत आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही पास झाले तरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. आत पहिल्यांदा पाहायचा तो पिनेचा सॉकेट. वर्षानुवर्षे वायर ओढली गेल्यामुळे बोर्डाखालच्या त्याच्या सोल्डरला बारीक गोल तडा गेलेला असतो. भिंगाखाली तो स्पष्ट दिसतो, आणि वायर हलवली की गेम चालू-बंद होतो तो त्याच्यामुळेच. मग पॉवरचा स्विच. त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात आणि स्वतःच एखादा व्होल्ट खातात. यंत्र चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांवर मीटर धरा. चांगल्या स्विचवर जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा. निम्म्या केसेस इथेच सुटतात, आणि त्यात काहीही बदलावे लागत नाही.

आता मोठा कपॅसिटर, कारण जुन्या यंत्रातला सगळ्यात बनेल आरोपी तोच. समुराईत तो २२०० मायक्रोफॅरडचा असतो. ब्रिजमधून येणारी वीज सलग नसते, सेकंदाला १०० वेळा ती चढते आणि शून्याला येते. मधल्या खड्ड्यांत यंत्र कपॅसिटरवर जगते. आपल्याकडे कॅनॉलचे पाणी आवर्तनाने येते आणि पुढच्या आवर्तनापर्यंत शेततळे भागवते, तसेच हे. तळे गाळाने भरले की आवर्तन वेळेवर येऊनही मधले दिवस रान वाळते. कपॅसिटरमधला द्रव तीस वर्षांत सुकतो आणि त्याची साठवण घटते. आकडे मांडून पाहा. ९ व्होल्ट एसीचे शिखर १२.७, त्यातून ब्रिजचे दोन डायोड १.४ व्होल्ट घेतात, उरतात ११.३. यंत्र अर्धा अँपिअर ओढते असे धरले तर चांगल्या कपॅसिटरवर दोन शिखरांमध्ये व्होल्टेज फार तर २.३ ने उतरते, म्हणजे ९ च्या खाली जात नाही. ७८०५ खूश. साठवण निम्मी झाली की उतार ४.५ चा होतो आणि तळ ६.८ ला टेकतो. सेकंदाला १०० वेळा ७ ची हद्द मोडली. गंमत अशी की डीसीवर ठेवलेला मीटर सरासरी दाखवतो, ९ व्होल्ट, सगळे ठीक. मेकॅनिक फसतो तो इथे. त्याच दोन टोकांवर मीटर एसीच्या रेंजवर आणा. काही मीटर डीसी असताना एसी रेंजवर भलताच आकडा देतात, तेव्हा लाल पिनेच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर घाला. एक व्होल्टच्या वर आकडा आला तर मोठा कपॅसिटर बदलायची वेळ झाली. तो वरून फुगलेला असेलच असे नाही, दिसायला अगदी नवाही असू शकतो.

पडद्यावरचे पट्टे हेच सांगत असतात. आपल्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा चित्र रंगते. वीज १०० वेळा डगमगत असेल तर पडद्यावर दोन पट्टे उमटतात आणि दोन्ही आकडे नेमके जुळत नसल्यामुळे ते सावकाश सरकतात. दोन पट्टे म्हणजे बहुधा कपॅसिटर. एकच जाड पट्टा दिसला तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडून अर्धीच लहर येत असण्याची शक्यता जास्त.

गेम दहा-पंधरा मिनिटे छान चालून बंद होतो आणि थंड झाला की पुन्हा लागतो, तेव्हा ७८०५ च्या तापण्याकडे बघा. १२ व्होल्ट आत आणि ५ बाहेर, म्हणजे मधले ७ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. अर्ध्या अँपिअरला साडेतीन वॅट. इंदापूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. त्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या मधली थर्मल पेस्ट वाळलेली असली की तो स्वतःचे रक्षण करायला बंद पडतो. इथे ७८०५ बदलू नका. स्क्रू सोडा, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसा, नवी पातळ लावा आणि स्क्रू घट्ट करा. खरोखर बदलायची वेळ आली तर तो दहा-वीस रुपयांत मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पण नवा बसवल्यावर गेमची कॅसेट न लावता आधी त्याचा तिसरा पाय मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये असेल तरच पुढे. त्याहून जास्त दिसले तर तत्क्षणी बंद, कारण जास्तीचे व्होल्ट थेट चिप्समध्ये जातात आणि त्या चिप्स आता कुठेही नव्या बनत नाहीत. व्होल्टेज शून्य आणि ७८०५ रसरसून तापलेला असेल तर दोष पुढच्या शॉर्टमध्ये आहे. तिथे वीज बंद करून ओहमने शोधायचे.

एक गोष्ट पॉवरची नसून पॉवरची वाटते. समुराईचा लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि पडदाही तालात उघडझाप करतो. लोक अ‍ॅडॉप्टर बदलतात, कपॅसिटर बदलतात, फरक शून्य. एनईएसमध्ये निन्टेंडोने एक पहारेकरी चिप बसवली होती. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही की ती यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट करते. कॅसेटच्या पिना मळल्या तरी तेच होते. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली जुनी सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने त्या पुसा. दिवा स्थिर पेटला की समजा, वीज पहिल्यापासून ठीक होती.

आणि कायमचा उपाय? ज्या घरात व्होल्टेज खालीवर होते तिथे मूळ अ‍ॅडॉप्टर रोज वापरायचा हट्ट मी धरणार नाही. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट आणि एक अँपिअरहून जास्त देणारा चांगल्या बनावटीचा, बीआयएस नोंदणीचा एसएमपीएस अ‍ॅडॉप्टर घ्या. त्याच्या पिनेची दिशा यंत्राप्रमाणे करून घ्या. भिंतीत १४० व्होल्ट असोत की २४०, तो ९ च देतो आणि चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही सहसा तक्रार करत नाही. समुराईला तो लावला तर ब्रिजचे १.४ वजा जाऊन ७.६ उरतात, ७ च्या हद्दीपेक्षा वर, म्हणजे पुरेसे. फुटपाथवरचा शंभर रुपयांचा अ‍ॅडॉप्टर मात्र नको. त्याचा गोंगाट पडद्यावर तिरक्या रेघा ओढतो आणि त्याच्या आतले विलगीकरण भरवशाचे नसते. मूळ अ‍ॅडॉप्टर चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, काढलेला प्रत्येक जुना पार्टही तारीख लिहून त्याच डब्यात टाका. यंत्र उद्या ज्याच्या हाती जाईल त्याला काय बदलले ते कळले पाहिजे.

इंदापूर-बारामती भागात कुणाच्या माळ्यावर समुराई किंवा शॉ वॉलेसचा मेगा ड्राइव्ह पडून असेल तर एक विनंती आहे. तो तसाच सॉकेटला लावून ‘चालतो का’ बघू नका आणि चालत नाही म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. आधी अ‍ॅडॉप्टर भारावर मोजा, पिनेची दिशा तपासा, मगच बटण दाबा. मीटर घरी नसेल तर गावातल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात तो नक्की असतो.